मनोलिसच्या खाणीतला उंदीर

"सार्जंटबाई, माझ्या खाणीत उंदीर पडलाय."

फोनवर मनोलिस होता. सार्जंट लॉर्ना प्रिडो ठाण्याच्या दारातली लाल धूळ झाडत होती, म्हणजे रोज सकाळी जे करायची तेच करत होती.

"मग मला कशाला सांगतोस? मांजर पाळ."

"दोन पायांचा आहे, बाई. आणि मेलाय."

लॉर्नाने झाडू भिंतीला टेकवला आणि जीपची किल्ली उचलली.

दुसऱ्याच्या खाणीत अंधारात उतरून ओपलचे मौल्यवान खडे चोरणाऱ्याला आमच्या हॅनर्स वेलमध्ये उंदीर म्हणतात. गावाच्या नावात विहीर आहे, पाणी मात्र टँकरने येतं. माणसंही तशीच, तोंडाने एक आणि पोटात दुसरं. इथे कोणाची बायको पळवली तरी चार वर्षांनी दोघं एका टेबलावर पत्ते खेळताना दिसतात. उंदराला मात्र माफी नाही. त्याच्याशी कोणी बोलत नाही, मेला तर त्याला कोणी खांदा देत नाही, आणि पुरायचं झालं तर दफनभूमीच्या टोकाला, कुंपणाजवळ, सगळ्यांपासून लांब.

मनोलिसची खाण म्हणजे जमिनीत सरळ उतरलेलं, माणूस जेमतेम मावेल एवढं भोक आणि तळाशी आडवे बोगदे. मनोलिस काठावर हाताची घडी घालून उभा होता. क्रीटचा माणूस, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

"ओळखलंस?" लॉर्नाने विचारलं.

"आंद्रो. आंद्रो व्हिदुलिच. हरामखोर रोज रस्त्यात हात वर करून नमस्कार करायचा मला!"

लॉर्ना शिडीने खाली उतरली. आंद्रो तळाशी वाकडा पडला होता. मान नको तिकडे वळलेली, अंगात चौकड्यांचा शर्ट, शेजारी हातोडी, फुटलेली बॅटरी. सत्तरी ओलांडलेला माणूस. नाकावर दोन्ही बाजूंना खोल वळ होते. तीस वर्षं चष्मा लावला की असे वळ पडतात.

"मनोलिस! इथे चष्मा सापडला का तुला?"

"मी काय चष्मे शोधायला उतरलो होतो? नाही दिसला."

तिने गुडघ्यावर बसून आजूबाजूची सगळी माती चाळली. चष्मा नव्हता. काचेचा तुकडाही नव्हता. आंद्रोच्या खिशात मूठ-दोन मूठ दगड होते. तिने एकावर थुंकी लावून पुसलं. करडा, गुळगुळीत, कडेला जराशी निळसर छटा. लॉर्नाला ओपलमधलं फारसं कळत नव्हतं. तिचे पूर्वज कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत मरायला आले होते आणि तिने लहानपणीच ठरवलं होतं की आपण जमिनीच्या वरच राहायचं.

बोगद्याच्या भिंतीत मनोलिसचा ओपलचा पट्टा बॅटरीच्या उजेडात चमकत होता. तिलाही कळला, इतका ठळक होता.

"याला हात लावलेला दिसतोय का?"

मनोलिस उतरून आला, वाकला, बोट फिरवलं. "नाही. जसाच्या तसा आहे."

"मग खिशातले कुठले?"

"पडलेले उचलले असतील. माझा बोगदा आहे, बाई, ओपलने भरलाय!" हे बोलून त्याने जीभ चावली. आमच्याकडे ओपल लागलाय असं आईलासुद्धा सांगत नाहीत.

"आणि याची गाडी?"

"गाडी?" मनोलिसने वर पाहिलं, जणू गाडी भोकातून दिसणार होती. "गाडी नव्हती."

दुपारपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला. मनोलिसने दुकानात, बारमध्ये आणि डिझेलच्या पंपावर तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितली, की आंद्रोचा खिसा माझ्या ओपलने भरलेला होता. आंद्रोच्याच क्रोएशियन क्लबच्या सेक्रेटरीने लॉर्नाला स्वतःहून फोन केला. प्रार्थनेसाठी हॉल मिळणार नाही, आणि आमची माणसं येणार नाहीत, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. ॲडलेडच्या इन्स्पेक्टरसाहेबांनाही घाई होती.

"पडला, मेला. डॉक्टर काय म्हणतात?"

"डोक्याला मागून मार आहे. पडून लागलेला असू शकतो."

"मग झालं की, प्रिडो. उद्या अहवाल पाठवून दे."

राहिला एक फोन. आंद्रोची मुलगी यास्ना ॲडलेडला एका दवाखान्यात परिचारिका होती. लॉर्नाने हा फोन सगळ्यात शेवटी केला, कारण असे फोन तिला कधीच जमले नाहीत.

"चोरी करताना?" पलीकडून आवाज आला. "माझे बाबा?"

"लोक तसं म्हणतात. मी अजून म्हणत नाही."

"लोक म्हणतात म्हणजे त्यांना त्या कुंपणाजवळ पुरणार. मी लहानपणी तिथेच राहिलेय, सार्जंट. मला माहीत आहे कुंपणाजवळ कोण असतं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मी उद्याच्या बसने येते. त्यांना तिथे पुरू नका. मी येईपर्यंत तरी."

लॉर्नाने फोन ठेवला. आपण मेलो तर बसने कोण येईल, असा विचार तिच्या मनात आला. नवरा पोर्ट ऑगस्टात होता आणि कागदोपत्री अजून नवराच होता. त्याला बहुधा सुट्टी मिळणार नाही, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचा तिला रागही आला नाही.

आंद्रोचा भागीदार लिव्हिओ पूर्वेच्या टेकडीत राहायचा. आमचं निम्मं गाव असंच टेकड्यांच्या पोटात कोरलेल्या घरांत राहतं. बाहेर भट्टी पेटलेली असते, आत गारवा असतो. लिव्हिओ इटलीच्या उत्तरेकडचा, आंद्रो समोरच्या बेटावरचा. मधे फक्त समुद्र, म्हणून दोघांना एकमेकांची भाषा यायची. वीस वर्षांची भागीदारी, कागद नाही, नुसता हातात हात दिलेला. निम्मं तुझं, निम्मं माझं, आणि ओपल दिसला तर दुसऱ्याला बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही.

लिव्हिओने टेबलावर दोन ताटं मांडली होती. लॉर्ना आत आली तसं त्याने एक उचलून फळीवर ठेवलं.

"सवय आहे," तो म्हणाला. "बसा, बाई. कॉफी?"

"चालेल. शेवटचे कधी भेटलात?"

"काल संध्याकाळी. जेवलो, पत्त्यांचा एक डाव झाला. तो हरला, मला शिव्या दिल्या आणि घरी गेला."

"गाडी घेऊन?"

"घर तर हाकेच्या अंतरावर आहे. चालत आला, चालत गेला."

"गाडी त्याच्या दारातच उभी आहे. मग मनोलिसच्या खाणीत कसा पोचला?"

"चालतच गेला असेल." लिव्हिओने कॉफीचं भांडं उतरवलं. "गाडी नेली असती तर आवाजाने लोक उठले असते."

"तो चोरी करेल असं वाटलं होतं कधी?"

"आंद्रो?" लिव्हिओने कप तिच्यापुढे ठेवला. "बाई, माणूस म्हातारा झाला की काय करेल सांगता येत नाही. आमच्या खाणीत कित्येक वर्षांत धूळ सोडून काही नाही. आणि त्याला मुलीकडे जायचं होतं. दर वर्षी म्हणायचा, यंदा जातो."

"गेला का नाही?"

"असं म्हणणारे कुठे जातात? तोंडाने म्हणायचं असतं."

लॉर्ना उठली तेव्हा तो दारापर्यंत आला. "शवपेटीचा खर्च मी करतो. दुसरं कोणी येणार नाही, पण मी येईन. वीस वर्षं एका टेबलावर जेवलोय." तो चौकटीला टेकला. "दोन मुठी पॉचसाठी जीव घालवला मूर्खाने!"

आणि तो रडला. तोंड झाकून, खांदे हलवत, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा. ते रडणं खरं होतं. हे लॉर्नाला तेव्हाही कळलं आणि पुढे सगळं उघडकीला आल्यावरही त्यात काही बदललं नाही.

मिस्टर लाऊ ओपल विकत घ्यायला हाँगकाँगहून वर्षातून तीनदा येतात आणि मोटेलच्या एकाच खोलीत उतरतात. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पांढरं कापड, भिंग. खाणवाले एकेक करून येतात, दार लावून घेतात, आणि बाहेर पडताना सगळे सारखाच रडका चेहरा करून निघतात.

लॉर्नाने आंद्रोच्या खिशातले दगड कापडावर ओतले. लाऊंनी भिंग उचललंच नाही.

"हे काय, बाई? सहलीला आलेल्यांना वाटायला आणलंत?"

"ओपल नाही का?"

"हा पॉच आहे. ओपलचा गरीब भाऊ." लाऊंनी एक दगड खिडकीकडे धरला. "कोण्या काळी इथे समुद्र होता. तो आटला, मग खडकातून पाणी झिरपलं, सोबत विरघळलेली गारगोटी घेऊन भेगांत बसलं. तिचे सूक्ष्म कण शिस्तीत रांगेने बसले तर उजेड फुटून रंग येतो, त्याला लोक ओपल म्हणतात आणि मला घाम फुटेल असे भाव सांगतात. कण कसेही बसले तर हा पॉच. खडक तोच, वय तेच. किंमत काही नाही."

"यासाठी कोणी दुसऱ्याच्या खाणीत उतरेल?"

"डोकं फिरलं असेल तर. मातीच्या ढिगावर हा फुकट मिळतो." लाऊंनी दगड फिरवला आणि या वेळी मात्र भिंग घेतलं. "पण गंमत बघा. हा मनोलिसचा नाही."

"कशावरून?"

"त्याचा माल मी बघतो ना. तोंडाने सांगेल काही नाही, पण येतो दर खेपेला. त्याचा ओपल दुधाळ अंगाचा, पॉचही दुधाळ. हा राखाडी. अशा राखाडी अंगावर रंग उठून दिसतो, म्हणून चांगला राखाडी दगड पांढऱ्याच्या कितीतरी पट भावाने जातो. पूर्वी पूर्वेच्या माळावर निघायचा. आता तिथे कोण खणतं?"

पूर्वेच्या माळावर आंद्रो आणि लिव्हिओ खणत होते. दुसरं कोणीही नाही.

"अलीकडे राखाडी माल कोणी विकायला आणला?"

"एकानेही नाही. आणला असता तर मी पहिला उडी मारली असती." लाऊ हसले. "लोखंड परदेशी किती गेलं, कोळसा किती गेला, हे तुमचे मंत्री छाती फुगवून सांगतात. ओपल किती निघाला ते कोणालाच माहीत नाही, कारण इथे कोणी खरं बोलत नाही. पण माझ्या टेबलावर आलेला दगड मी विसरत नाही."

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. लॉर्ना सरळ मनोलिसच्या दारात गेली.

"माझ्याबरोबर आंद्रोच्या खाणीत उतरायचंय तुला."

"मी? उंदराच्या खाणीत? बाई, मला गावात तोंड दाखवायचंय!"

"मनोलिस, कोणीतरी प्रेत आणून तुझ्या खाणीत टाकलं असेल, आणि तू ते गावभर मिरवत असशील, तर?"

मनोलिसच्या मिशा क्षणभर हलल्या नाहीत. मग त्याने टोपी घातली.

जीप खडखडत माळावरून निघाली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मातीचे ढीग आणि ढिगांच्या मधे उघडी, काळी भोकं, नजर पोचेल तिथपर्यंत. माणसांनी येऊन, खणून, निघून गेलेली जागा इतकी ओसाड दिसते की पहिल्यांदा बघणाऱ्याला बोलावंसं वाटत नाही. लॉर्नाला दोन वर्षांनीही वाटत नव्हतं.

"एक सांग. अंधारात या माळावरून चालत जाशील?"

"वेड लागलंय का मला? इथे भर दिवसासुद्धा भोकांच्या भीतीने कोणी उलटं पाऊल टाकत नाही. अंधारात गाडीने, आणि तेही मळलेल्या वाटेने."

"आणि गाडीच्या आवाजाने कोण उठेल?"

"इथे?" मनोलिसने बाहेर हात दाखवला. "झोपतंच कोण इथे?"

आंद्रोच्या खाणीच्या तोंडाशी बादली वर ओढायचं यंत्र होतं आणि शेजारी तो अवाढव्य पंखा, जो जाड पाइपातून खालची माती शोषून वर ढिगावर टाकतो. खाली तीन बोगदे. दोन मोकळे. तिसरा मातीने छतापर्यंत भरलेला.

"माती टाकायला जागा नव्हती वाटतं," लॉर्ना म्हणाली.

मनोलिस त्या मातीकडे बघत राहिला. "बाई, वर पंखा आहे. आजोबांच्या काळात, हाताने उपसायचे तेव्हा जुने बोगदे भरायचे. पंखा असताना खाली माती कोण भरतो? हे म्हणजे मोरी असताना पाणी बादलीत साठवण्यातलं झालं."

"काही लपवायचं असेल तर?"

मनोलिसने फावडं घेतलं. वरची माती मोकळीच होती, ताजी उपसून परत ढकललेली. माणूस सरपटत जाईल एवढी फट झाल्यावर दोघं आत गेले.

आत खोलीएवढी जागा होती आणि सबंध भिंतभर ओपल. राखाडी अंगावर तांबडा, हिरवा, मधेच जांभळा. जागोजाग अगदी काळजीने कोरून दगड काढलेले, एकही चिरा न पाडता. मनोलिसने तोंडातल्या तोंडात आईचं नाव घेतलं. लॉर्ना मात्र खाली बघत होती. छताला टेकू दिलेल्या लोखंडी खांबावर काळपट डाग होता आणि त्याच्या पायथ्याशी चष्मा पडला होता, एक काच तडकलेली.

मनोलिसने टोपी काढली. "म्हणजे म्हातारा इथे..."

"हो. इथे मेला. तुझ्याकडे नुसता आणून टाकला."

दुसऱ्या दिवशी लॉर्ना बस गाठायला निघाली तर बस आधीच येऊन गेली होती. पंपावरच्या पोराने सांगितलं, लिव्हिओ आला होता, मुलीची बॅग उचलून तिला जेवायला घरी घेऊन गेला. लॉर्नाने मनोलिसला दारातून उचललं आणि जीप पूर्वेच्या टेकडीकडे वळवली.

लिव्हिओने मटणाचा रस्सा केला होता, मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा ताटात होता. यास्ना टेबलाशी बसली होती. चाळिशीची, बसच्या प्रवासाने चुरगळलेली, वडिलांचंच नाक. तिने ताटाला हात लावला नव्हता.

"या, बाई," लिव्हिओ म्हणाला. मनोलिसला बघून तो थबकला. "तूही? बस. पुरेल सगळ्यांना."

"लिव्हिओ, तुमच्या खाणीतला भरलेला बोगदा आम्ही उघडला," लॉर्ना म्हणाली.

पळी भांड्यात तशीच राहिली.

"तो जुना? तो आंद्रोने भरला होता. मला म्हणाला, काही नाही तिकडे."

"म्हणजे आंद्रो स्वतःच्या भागीदारालाही लुबाडत होता, आणि वर मनोलिसलाही? भिंतभर राखाडी ओपल पुरून ठेवून हा माणूस दुधाळ ओपल चोरायला दुसरीकडे गेला? चष्मा न घालता? काळोखात भोकांमधून चालत?" लॉर्नाने चष्मा टेबलावर ठेवला. यास्नाने तो लगेच ओळखला आणि हातात घेतला. "हा तुमच्या बोगद्यात सापडला. आंद्रो तिथे पडला. कोणीतरी त्याला बादलीच्या यंत्राने वर घेतलं, गाडीत घातलं. त्याची गाडी दारातून हलली नव्हती. पण पूर्वेच्या माळावर आणखी एक गाडी असते, लिव्हिओ."

"गाडी सगळ्यांकडे आहे."

"आहे. पण मला एक सांगा. त्याच्या खिशात पॉच होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

लिव्हिओने पळी बाहेर काढून ठेवली.

"काल दुपारी मी इथून निघताना तुम्ही म्हणालात, दोन मुठी पॉचसाठी जीव घालवला. तोवर मनोलिस गावभर ओरडत होता, माझा ओपल, माझा ओपल. मलाही तो ओपलच वाटला होता. लाऊंनी सांगितलं तेव्हा मला पॉच म्हणजे काय ते कळलं. खिशात काय आहे ते बरोबर माहीत असलेला एकच माणूस होता, तो म्हणजे ते खिशात भरणारा. शिवाय तो दगड राखाडी. तुमच्या खाणीतला."

"अरे, पण पॉच का?" मनोलिसला राहवेना. "चांगला दगड ठेवला असतास तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझाच! मूर्खा, एक, एक तरी चांगला ठेवायचा!"

लिव्हिओ हळूच खुर्चीवर बसला.

"काढला होता," तो म्हणाला. "त्याच्या खिशापर्यंत नेला. हात धजावला नाही."

ते मनोलिसला अगदी समजलं, आणि समजलं याची त्याला लाज वाटली.

"लाऊ म्हणतात, हा माल कोणी विकलाच नाही," लॉर्ना म्हणाली. "मग आंद्रोला फसवून तुम्हाला मिळालं काय?"

तो उठला, पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि एकामागून एक काचेच्या बरण्या काढून टेबलावर ठेवल्या. पाणी घालून जपलेले दगड. कंदिलाचा उजेड पडला तसे ताटांवर, रश्शावर रंग हलायला लागले.

"एकही विकला नाही," तो म्हणाला. "विकला असता तर निम्मं त्याला द्यावं लागलं असतं, आणि तो गेला असता."

"कुठे?" यास्नाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुझ्याकडे. दुसरं कुठे जाणार? सारखं तेच. एक पट्टा लागू दे लिव्हिओ, की मी चाललो पोरीकडे. मागच्या हिवाळ्यात त्याची पाठ धरली होती, आठवडाभर अंथरुणात होता. मी एकटाच खाली होतो आणि पट्टा लागला. बाई, पहिल्यांदा मनात आलं, धावत जाऊन सांगावं. शिडीच्या चार पायऱ्या चढलोही. मग वाटलं, झालं, आता हा जाणार. मग मी जेवायचं कोणाबरोबर? पत्ते कोणाशी खेळू? माझं इटलीत कोणी उरलेलं नाही. इथे पण तो सोडून कोणी नाही. म्हणून बोगदा भरून टाकला. तो वर विश्रांती घ्यायचा तेव्हा थोडे थोडे काढून आणायचो. नुसते बघायला."

"आणि परवा त्यांना कळलं," लॉर्ना म्हणाली.

"माती खचून वर फट पडली होती. मी वर पंख्यापाशी होतो. खाली आलो तर तो आत. हातात दगड घेऊन बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, लिव्हिओ, तू उंदीर निघालास? वर जाऊन सगळ्यांना सांगतो म्हणाला. मी वाट अडवली. ढकललं. मारायचं नव्हतं गं, पोरी. त्याला मारून मी काय करणार होतो?"

"मारलंत, आणि मग त्यांनाच उंदीर केलंत," यास्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्यांना कुंपणाजवळ पुरलं असतं आणि तुम्ही एकटेच आला असता, फुलं घेऊन."

लिव्हिओने मान खाली घातली. तो फुलं घेऊन येणारच होता, हे चौघांनाही दिसत होतं.

लॉर्नाने त्याला जीपमध्ये नेऊन बसवलं. त्याने हात पुढे केले, पण तिने बेड्या घातल्या नाहीत. मनोलिस दाराशी घुटमळत होता. इतक्या मोठ्या माणसाला आपले हात कुठे ठेवावे ते समजत नव्हतं.

"ताई," तो यास्नाला म्हणाला, "मी गावभर ओरडलो. आता गावभर फिरून सांगतो. ज्यांना मी खोटं सांगितलं त्या प्रत्येकाच्या दारात जातो. पेटीला खांदा द्यायला पहिला मी. क्लबवाले नाही म्हणाले तर त्यांनाच उचलून आणतो."

यास्नाने मान हलवली. तो जाऊन जीपमध्ये लिव्हिओच्या शेजारी बसला, आणि दोघं समोर बघत राहिले.

लॉर्ना बरण्या घ्यायला परत आत आली. त्या पुरावा होत्या. निम्म्या यास्नाच्या होत्या, हेही तिला सांगायचं होतं. यास्ना अजून टेबलाशीच होती, एक बरणी दोन्ही हातांत धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.

"मला वाटायचं, त्यांना यायचंच नाहीये," ती म्हणाली. "दर वर्षी तेच, यंदा येतो, यंदा येतो. मागच्या वर्षी मी चिडून म्हटलं, बाबा, आता सांगू नका, मला खोटं ऐकायचा कंटाळा आलाय. तर म्हणाले, पोरीकडे रिकाम्या हाताने कसा येऊ?"

लॉर्ना तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आणि मी फोन ठेवून दिला, सार्जंट. एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, तसेच या. ते मी एकदाही म्हटलं नाही."